नावडतं काम अंगवळणी पाडताना

पहाटे कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर चालायला जायचं म्हटलं की अंथरूण सुटत नाही? फेरीनंतरच्या मिसळीचं आमिष ठेवू नका. मग सगळं लक्ष मिसळीच्या कटावर, म्हणजे तिखट रश्श्यावर, आणि चालणं म्हणजे नुसता मधला अडथळा. गोडी चालण्यातच मिसळा. आवडतं पॉडकास्ट फक्त चालतानाच ऐकायचं. घरी चहासोबत एक भाग जरी ऐकलात, तरी डाव फसला. पहिला आठवडा १० च मिनिटं, पूर्ण फेरीचा हट्ट नको. ‘अजून थोडं चाललो असतो’ असं वाटतानाच मागे फिरा, कारण दुसऱ्या दिवशी आठवतो तो शेवटच. बूट रात्रीच दाराशी, मोज्यांसकट. भांडी घासताना, हिशेब लिहितानाही हेच चालतं. फक्त हिशेबाला नुसतं वाद्यसंगीत लावा, नाहीतर शब्दांच्या नादात बेरीज चुकते.