ऑपरेशनआधी पेशंटचा दम नीट कसा जोखायचा

पीएसीत, म्हणजे भूल देण्याआधीच्या तपासणीत, सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी कामाचा प्रश्न म्हणजे "जिना चढता ना?" पेशंट हो म्हणतो, कारण कधीकाळी चढायचा, आणि आपण लिहून मोकळे, ४ मेट्सच्या (मेट म्हणजे श्रम मोजायचं एकक, खाली सांगतो) वर, फिट. त्यापेक्षा असं विचारा, की काका, शेवटचा जिना कधी चढलात, किती मजले, मधे थांबलात का आणि थांबलात ते कशामुळे, दम लागला, छातीत भरून आलं की गुडघा दुखला? हे "कशामुळे" अजिबात सोडू नका, कारण जो गुडघ्यामुळे थांबतो त्याच्या हृदयावर ताण आलेलाच नसतो, म्हणजे ते चांगलंय की वाईट हे अजून कळलेलंच नाही. सोबत घरचं कोणी असेल तर त्यांनाही विचारा, खरं उत्तर बहुतेक वेळा तिकडूनच येतं.

१ मेट म्हणजे निवांत बसलेल्या माणसाचा ऑक्सिजनचा खप, किलोमागे मिनिटाला ३.५ मिली. दोन मजले न थांबता चढणं म्हणजे साधारण ४ मेट्स, हा ठोकताळा ठीक आहे पण नुसत्या अंदाजावर जाऊ नका. २०१८ च्या मेट्स स्टडीत ज्यांना खरंच ४ मेट्स जमत नव्हते त्यातले जेमतेम १९ टक्के डॉक्टरांना नुसत्या अंदाजाने ओळखता आले, बाकीचे सुटले!

म्हणून डासी (ड्यूक अ‍ॅक्टिव्हिटी स्टेटस इंडेक्स, रोजच्या हालचालींची प्रश्नावली) भरा. १२ प्रश्न, हो किंवा नाही, प्रत्येकाचे ठरलेले मार्क, पूर्ण ५८.२. दोनेक मिनिटांचं काम आहे. एकच पथ्य, "जमेल का" नको, "सध्या करता का" विचारा. शरीरसंबंधांचा प्रश्न बरेच जण लाजून गाळतात, मग स्कोअर उगाच कमी येतो, तर सरळ चेहऱ्याने विचारून टाका. ३४ च्या खाली असेल तर धोका जास्त धरायचा.

उत्तरावर भरवसा बसत नसेल तर सहा मिनिटं चालवून बघा. ३० मीटरचा सपाट पॅसेज, आधी आणि नंतर पल्स, बीपी, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण). पेशंट थांबला तरी घड्याळ चालूच ठेवायचं, आणि तुम्ही शेजारून चालू नका, तो तुमच्या स्पीडने चालायला लागतो. महिन्याभरात हार्ट अटॅक आलेला किंवा अनस्टेबल अंजायना (हृदयामुळे छातीत दुखणं, बसल्याजागीही किंवा वाढत चाललेलं) असेल तर चालवायचंच नाही.

मोठं ऑपरेशन आणि तरीही शंका असेल तर सीपीईटी (सायकल किंवा ट्रेडमिलवर श्रम करताना श्वासातला ऑक्सिजन मोजायची टेस्ट), सोय असेल तिथे. अनॅरोबिक थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या श्रमाला ऑक्सिजन अपुरा पडायला लागतो तिथला ऑक्सिजनचा खप, किलोमागे मिनिटाला ११ मिलीच्या खाली आला की आयसीयू बेडचं आधीच बोलून ठेवा. फुफ्फुसाचा भाग काढायचा असेल तर मात्र पीक व्हीओटू (त्याच टेस्टमधला ऑक्सिजनचा सर्वात जास्त खप, त्याच मापात) जास्त बघतात, २० च्या वर निर्धास्त, १० च्या खाली सर्जनशी परत बसून बोला.

आणि शीटवर "ईटी गुड" (एक्सरसाइज टॉलरन्स, म्हणजे श्रम सोसायची ताकद, चांगली) लिहू नका प्लीज. "२ मजले, १ दा थांबले, दम लागून, डासी २४" असं लिहा, म्हणजे सकाळी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जो कोणी असेल त्याला परत पहिल्यापासून विचारत बसावं लागणार नाही.