निम्म्या माणसांत प्रभाग सांभाळायचा तर

नव्याने रुजू झालेल्या कनिष्ठ अभियंत्याला आस्थापना विभागाचा तक्ता मिळतो. मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे. तो बघून घ्या आणि स्वतःचा वेगळा तक्ता करा. त्यात एक रकाना जास्त ठेवा: सकाळी हजेरीला प्रत्यक्ष उभी असलेली माणसं. पगारपत्रकावर तुमच्या प्रभागाचा असलेला एक बिगारी कुठल्या तरी बंगल्यावर बाग सांभाळत असतो, दुसरा निवडणूक शाखेत फायली वाहतो, तिसऱ्याला गाडी चालवता येते म्हणून तो कायमचा ड्रायव्हर झालेला असतो. कामाचं नियोजन करायचं ते या शेवटच्या रकान्यावर.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ड वर्ग महापालिकेत बांधकाम विभागात उमेदवारी केली आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. पूर्ण भरलेला विभाग एकदाही पाहिला नाही. भरती होईल म्हणून थांबू नका. आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्त्यांचा खर्च, 35 टक्क्यांच्या वर गेला की शासन भरतीला परवानगी देताना हात आखडतं. नवीन पद हवं तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 51 खाली शासनाची मंजुरी लागते. आकृतीबंध, म्हणजे कुठली किती पदं हवीत त्याचा आराखडा, मंजूर झालाच, तर पुढे बिंदुनामावलीची (आरक्षणाप्रमाणे पदं लावलेल्या यादीची) तपासणी, जाहिरात, परीक्षा, कागदपत्रं. तोवर दोन पावसाळे सहज जातात.

पहिलं काम मुकादमाबरोबर. आपल्याकडे एका पिढीची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट 1 जून लिहिली. त्यामुळे ती सगळी माणसं 31 मे रोजी एकदम निवृत्त होतात, म्हणजे पाऊस तोंडावर आलेला असताना. नारळ आणि शाल देऊन आपण ज्याला निरोप देतो, त्याच्या डोक्यात प्रभागाचा खरा नकाशा असतो. कुठला नाला कुठल्या घराखालून जातो, कुठलं चेंबर डांबराखाली गाडलं गेलंय, पाणी तुंबलं की आधी कुठलं झाकण उचलायचं. म्हणून जानेवारीतच आस्थापनेकडून येत्या मे महिन्यातल्या निवृत्तांची यादी मागवा आणि त्यांच्याबरोबर रोज सकाळी तासभर प्रभागात फिरा. प्रत्येक चेंबर, व्हॉल्व्ह, मोरी यांचा लोकेशनसकट फोटो घ्या, आणि शेजारच्या कायमच्या खुणेपासून अंतर टेपने मोजून लिहा. पिंपळ, देऊळ, डीपी, काहीही चालेल, फक्त टपरी खूण म्हणून धरू नका, ती हलते. बरोबर एखादा तरुण बिगारी ठेवा. मुकादम साहेबाला जे सांगत नाही ते त्याला बोलता बोलता सांगतो.

आता तक्रारी. नगरसेवकाचा फोन, आपले सरकार पोर्टल, महापालिकेचं ॲप, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, रस्त्यात हात करून थांबवणारे आजोबा. सगळं एकाच वहीत उतरवा. संगणकावर ठेवलंत तरी हरकत नाही, पण जागा एकच हवी. एका खड्ड्यावर दहा जणांनी तक्रार केली तर नोंद एक आणि खाली दहा नावं. असं केलं की तक्रारींचा डोंगर बराच उतरतो आणि कुठल्या जागेवर खरी बोंब आहे तेही दिसतं. मग क्रम लावा. उघडं चेंबर, वळणावरचा खड्डा, कलती संरक्षक भिंत ही आजची कामं. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास 6 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं, खड्डा 48 तासांत बुजवायला सांगितलं, आणि भरपाईची रक्कम जबाबदार अधिकारी किंवा ठेकेदाराकडून वसूल करण्याचीही तरतूद ठेवली. तेव्हा तक्रार आल्याची वेळ आणि काम झाल्यावरचा फोटो, दोन्ही त्या वहीत हवंच.

सगळ्यात जास्त माणसं वाचतात ती दोषदायित्व कालावधीच्या यादीमुळे. काम झाल्यावर ज्या मुदतीत ते बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं, तो हा कालावधी. ही यादी बहुतेक ठिकाणी कोणाकडेच नसते. रस्त्याचं नाव, ठेकेदार, काम पूर्ण झाल्याची तारीख, कालावधी संपण्याची तारीख. एवढे चार रकाने जुन्या फायलींतून काढून मोबाइलमध्ये ठेवा. खड्डा पडला की आधी यादी बघा. रस्ता मुदतीत असेल तर त्याच दिवशी ठेकेदाराला लेखी नोटीस द्या आणि त्याने हालचाल केली नाही तर अनामत रकमेतून कपातीचा प्रस्ताव ठेवा. त्याची माणसं पोचेपर्यंत आपण बॅरिकेड लावायचं. आपली मोजकी गँग ठेकेदाराच्या खड्ड्यावर राबवणं म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे देणं. केबल आणि गॅसवाल्यांच्या चरांचंही तेच: खोदाई परवानगीचा कागद बघितल्याशिवाय फावडं उचलू नका.

माणसं कमी असली तरी एक गोष्ट करायची नाही. पाण्याच्या जोराने ड्रेनेज साफ करणारं जेटिंग मशीन दुसऱ्या प्रभागात आहे, वरून फोन येताहेत, आणि ठेकेदाराचा एखादा पोरगा म्हणतो, ‘साहेब, मी उतरतो.’ त्याला चेंबरमध्ये उतरवू नका. सुरक्षा साधनांशिवाय ड्रेनेजमध्ये माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो. फोन करणाऱ्यांना मशीन कधी येईल ती वेळ सांगा.

कागदाचा भाग थोडक्यात. मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही, जागेवरच लिहा. विशेषतः जे झाकलं जाणार ते, म्हणजे पाइपखालचा बेड, खोदाईची खोली, पीसीसी (तळाचा साधा काँक्रीटचा थर). मार्चमध्ये बिलांची झुंबड उडते तेव्हा पुरलेल्या पाइपची खोली आठवणीने लिहिणारे पुढे चौकशीत सापडतात. सल्लागार कंपनीचा मुलगा मापं घेऊन देईल, पण सही तुमची असते, म्हणून काही मापं स्वतः टेप लावून तपासा. माहिती अधिकाराच्या अर्जाला 30 दिवस असतात. आठवड्यातली एक दुपार त्यासाठी बांधून घ्या आणि त्या वेळी साइटवर जाऊ नका.

माणसं मागायची पत्रं मात्र लिहीत राहा. ‘मनुष्यबळ अपुरे आहे’ असं पत्र वरचे साहेब न वाचता फायलीला लावतात. त्याऐवजी लिहा: सध्याच्या सहा माणसांत या महिन्यात या चार नाल्यांची सफाई होईल, हे तीन राहतील, त्यांच्या काठावर या वस्त्या आहेत, निर्णय व्हावा. आवक क्रमांक घ्या. दुसऱ्या प्रभागाचा अतिरिक्त कार्यभार तोंडी स्वीकारू नका. कार्यालयीन आदेश आणि चालू कामांची यादी हातात आल्यावरच सही करा. निवडणुकीच्या कामाला नेमणूक झाली तर नाही म्हणता येत नाही, पण तुमच्या मागे तक्रारी कोण घेणार त्याचं नाव त्याच दिवशी लेखी मागा.

नगरसेवकांना नकार देण्याची माझी पद्धत साधी होती. वही उघडून समोर ठेवायची आणि विचारायचं, ‘दादा, आज ही पाच कामं आहेत, तुमचं सहावं. यातलं कुठलं उद्यावर टाकू?’ बरेच जण स्वतःच्याच वॉर्डातलं एखादं मागे ढकलतात. काही चिडतात, तेव्हा चहा मागवायचा.

पावसाळ्यातल्या रात्रपाळीची यादी मे संपायच्या आत लावा: प्रत्येक रात्री एक अभियंता, एक मुकादम, दोन बिगारी, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना दुपारपर्यंत सुटी. ती सुटी रद्द करायला कोणी सांगितलं, तर लेखी मागा.