रॅपिड टेस्ट निगेटिव्ह, तरी ताप कायम? या चुका टाळा

टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाही, असं धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बऱ्याचदा किट ठीक असतं, चुकतो तो चाचणीचा दिवस. डेंग्यूचंच घ्या. एनएस१ हे विषाणूचं प्रथिन तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत रक्तात चांगलं सापडतं. आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, पाचव्या दिवसाच्या आसपास वाढू लागतात. दुसऱ्या दिवशी नुसतं आयजीएम केलं किंवा आठव्या दिवशी नुसतं एनएस१, तर डेंग्यू असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. म्हणून तपासणीच्या चिठ्ठीवर ताप सुरू झाल्याची तारीख लिहाच.

मलेरियात घोळ उलटा होतो. एचआरपी२ हे मलेरियाच्या परजीवीचं प्रथिन शोधणारी टेस्ट परजीवी मेल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते. नुकताच मलेरिया होऊन गेलेल्याला पुन्हा ताप आला, तर रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या.

आता किट. फ्रिजमधलं पाकीट लगेच फोडू नका. आधी ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पट्टीला दमट हवा लागते. रक्त जास्त पडलं की पट्टी लालभडक होते आणि पुसट रेघ दिसतच नाही. बफरची (किटमधल्या द्रावणाची) बाटली सरळ उभी धरा; तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो. घड्याळ लावा. पत्रकावर १५ मिनिटं लिहिली असतील, तर पाचव्या मिनिटाला निगेटिव्ह ठरवू नका आणि तासाभराने उमटलेली रेघही धरू नका. कंट्रोलची रेघ, म्हणजे किट नीट चाललं हे दाखवणारी रेघ, नसेल तर टेस्ट बाद, नवं किट घ्या. वेळेत आलेली टेस्टची रेघ फिकट असली तरी पॉझिटिव्हच.

ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्या, नंतर जंतू वाढण्याची शक्यता घटते. मोठ्या माणसात दर बाटलीला ८ ते १० मिली रक्त लागतं. दोन मिलीत जंतू निसटतात. त्वचेवरचं जंतुनाशक वाळू द्या, पुसू नका. रुग्ण गंभीर असेल तर मात्र कल्चरपायी औषध लांबवू नका.

क्षयाच्या तपासणीला लाळ नको, खोल खोकून काढलेला बेडका हवा.

हात धुण्याबद्दल एवढंच: जुलाबाच्या रुग्णाजवळून आल्यावर सॅनिटायझरवर विसंबू नका. जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसवर तो कमी पडतो आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू (त्याचं टणक कवचातलं रूप) त्याने मरत नाहीत. तिथे साबण आणि वाहतं पाणीच वापरा.