'थिंग' शब्दाचा माग काढायचा कसा

शब्दाचं मूळ शोधायचं म्हटलं की बरेच जण सारखे दिसणारे शब्द शेजारी मांडतात आणि मोकळे होतात, पण तेवढ्यावर थांबू नका. इंग्लिशचा 'थिंग' घ्या, यावर हात बसला की बाकीचे जमतात.

आधी आजची रूपं गोळा करा. इंग्लिश थिंग, जर्मन आणि डच डिंग, डॅनिश-स्वीडिश-नॉर्वेजियन टिंग. थ चा ड झालाय तो योगायोग की नियम हे बघायला अजून इंग्लिश-जर्मन जोड्या घ्या, थ्री-ड्राय, थॉर्न-डॉर्न, थीफ-डीब, सगळीकडे तेच होतंय म्हणजे नातं पक्कं. उलट इंग्लिश 'हॅव' आणि लॅटिन 'हाबेरे' सख्खे भाऊ वाटतात, अर्थही तोच, पण नातं शून्य! लॅटिनमध्ये जिथे क तिथे जर्मॅनिकमध्ये, म्हणजे इंग्लिश-जर्मन-डच वगैरे भाषांच्या कुळात, ह येतो, म्हणून हॅवचा खरा नातेवाईक 'कापेरे', म्हणजे पकडणं.

डिक्शनरीत मूळ रूपापुढे चांदणी (*) दिसली तर ते कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेतून बांधलेलं आहे, हे लक्षात ठेवा.

आता अर्थ, आणि मला विचाराल तर सगळ्यात भारी भाग हाच. जुन्या इंग्लिशमध्ये आणि जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, हा शब्द म्हणजे लोकांची सभा, जिथे कायदे ठरायचे, तंटे सुटायचे. आइसलंडमध्ये 930 च्या सुमारास अशी सभा भरायला लागली आणि तिथल्या संसदेचं नाव आजही अल्थिंगी आहे, नॉर्वेची स्टोर्टिंग, डेन्मार्कची फोल्केटिंग, तिन्हीत तोच शब्द. मग सभा, सभेपुढचा खटला, मुद्दा, कुठलीही बाब आणि शेवटी वस्तू, असे टप्पे कागदावर लिहाच, मधला एक गाळलात तर सभेवरून वस्तूवरची उडी कुणाला पटणार नाही. असं खरंच होऊ शकतं का हे दुसऱ्या भाषेत तपासा: लॅटिन 'काउसा' म्हणजे खटला किंवा कारण, त्याचंच फ्रेंच 'शोज' आणि इटालियन 'कोझा' झालं, दोन्हीचा अर्थ वस्तू.

मग जुना अर्थ कुठे अडकून राहिलाय ते हुडका. गावांची नावं आणि कोर्टाची भाषा आधी चाळा, तिथे जुने अर्थ हमखास टिकतात. स्कॉटलंडमधलं डिंगवॉल म्हणजे सभेचं मैदान, निवडणुकीच्या इंग्लिश बातम्यांतला 'हस्टिंग्ज' (प्रचारसभा) नॉर्समधल्या 'घरची सभा' वरून आलाय, आणि जर्मनमध्ये एखाद्याला 'डिंगफेस्ट' करणं म्हणजे त्याला अटक करणं.