या चुका टाळा : स्पर्धेतला ओपन सोर्स प्रकल्प परीक्षकाच्या मशीनवर का अडतो?

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या विद्यार्थ्यांच्या देशव्यापी स्पर्धेची सॉफ्टवेअर गटातली अंतिम फेरी 36 तासांची असते. तेवढ्यात कोड लिहून होतो. राहून जातं ते तो दुसऱ्याच्या मशीनवर चालवून बघणं. ओपन सोर्स कोड मागणाऱ्या कुठल्याही स्पर्धेत नेमकं इथेच घोडं पेंड खातं.

सर्वांत पसरलेला गैरसमज असा, की गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर रिपो (प्रकल्पाच्या कोडचं भांडार) पब्लिक केला म्हणजे प्रकल्प ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरायला आणि बदलायला मोकळा, झाला. लायसन्सची फाइल नसेल तर कॉपीराइट लिहिणाऱ्यांकडेच राहतो आणि कोड फक्त बघण्यापुरता उरतो. टीममधल्या प्रत्येकाच्या कोडवर त्याचा हक्क असतो, म्हणून एमआयटी, अपाचे 2.0 की जीपीएल यांपैकी कुठलं लायसन्स हे पहिल्याच तासाला सगळ्यांनी मिळून ठरवा. जीपीएल लायसन्सची लायब्ररी (आयता कोडसंच) जोडून सॉफ्टवेअर वाटणार असाल, तर ते सगळंच जीपीएलच्या अटींवर द्यावं लागतं. अपाचे 2.0 चा कोड जीपीएल 3 सोबत चालतो, नुसत्या जीपीएल 2 सोबत नाही.

एपीआय की (बाहेरची सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) ठेवलेली डॉट एन्व्ह ही सेटिंगची फाइल रिपोत गेली, तर पुढच्या कमिटमध्ये (बदलांच्या पुढच्या नोंदीत) ती काढून काही साधत नाही, कारण गिटच्या, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात ती तशीच राहते. आधी की रद्द करून नवी घ्या. इतिहास साफ करणं त्यानंतर, गिट फिल्टर-रिपो हे साधन वापरून. तो साफ केल्यावर फोर्स पुश करावा लागतो (गिटहबवरच्या जुन्या इतिहासावर नवा सक्तीने चढवावा लागतो) आणि बाकीच्यांना रिपो नव्याने क्लोन करावा (उतरवून घ्यावा) लागतो. हे पहाटे तीन वाजता करायचं काम नव्हे. गिटइग्नोरमध्ये (वगळायच्या फाइलींच्या यादीत) फाइलचं नाव नंतर घातलं तरी गिट आधीपासून ट्रॅक करत असलेली फाइल सोडत नाही. त्यासाठी गिट आरएम ही आज्ञा कॅश्ड पर्यायासह द्या.

100 एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब घेत नाही. मशीन लर्निंगचं मॉडेल टाकताना हमखास पुश अडतो आणि फाइल डिलीट करून पुन्हा कमिट केलं तरी अडतच राहतो, कारण मागच्या कमिटमध्ये ती असतेच. ती शेवटच्याच कमिटमध्ये असेल तर सॉफ्ट रिसेट करून (बदल तसेच ठेवून कमिट मागे घेऊन), फाइल वगळून नवं कमिट करा. मॉडेल गिटहबवरच्या रिलीजला (तयार आवृत्तीच्या पानाला) जोडा. तिथे एका फाइलला 2 जीबीपर्यंत मुभा आहे.

आता खरी डोकेदुखी. विंडोजवर नीट चाललेलं लिनक्सवर पडतं, त्याची कारणं बहुतेक वेळा क्षुल्लक असतात. कोडमध्ये ‘लोगो’ कॅपिटल एलने आणि फाइलचं नाव स्मॉल एलने असेल तर विंडोज कानाडोळा करतं, लिनक्स करत नाही. विंडोजच्या ओळ-शेवटाने सेव्ह झालेली शेल स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणते. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी एलएफ (लिनक्सचा ओळ-शेवट) सक्तीचा करा. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या बंद पेटीत चालवणाऱ्या साधनात) सर्व्हर सुरू दिसतो, पोर्टही मॅप केलेला असतो, तरी ब्राउझरमध्ये पान उघडत नाही, तेव्हा आधी पत्ता बघा: 127.0.0.1 वर (फक्त पेटीच्या आतून) ऐकणारा सर्व्हर कंटेनरबाहेरून सापडत नाही, तिथे 0.0.0.0 (सगळे पत्ते) हवा.

पायथॉनमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरती वेगळी जागा) न करता पिप फ्रीझ ही पॅकेजची यादी काढणारी आज्ञा दिली, की लॅपटॉपवरची सगळी अडगळ रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये येते. नोडसाठी (जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात) पॅकेजची नेमकी व्हर्जन्स नोंदवणारी पॅकेज-लॉक फाइल कमिट करा आणि रीडमीत (प्रकल्प चालवण्याच्या सूचनांच्या फाइलीत) एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय लिहा. लॉक जुळत नसेल तर ते तिथेच थांबतं, गुपचूप दुसरं व्हर्जन उतरवत नाही.

मुदतीच्या सहा तास आधी नवं फीचर बंद करा. ज्याने रीडमी लिहिलं नाही त्याने, ज्या लॅपटॉपवर काम झालं नाही त्यावर, रिकाम्या फोल्डरमध्ये रिपो क्लोन करून रीडमीतल्या आज्ञा ओळीने द्याव्यात. मध्येच ‘अरे, हे आधी करावं लागतं’ असं कुणी म्हणालं, तर ते वाक्य रीडमीत जायला हवं. सगळं चाललं की त्याच कमिटला टॅग (ठरावीक नाव) लावा आणि सबमिशनमध्ये त्या टॅगची लिंक द्या, बदलत राहणाऱ्या मेन ब्रँचची (मुख्य शाखेची) नाही.