गुहागरच्या घरात एसी: अर्थिंगचाही दोष निघाला

दीड टनाचा स्प्लिट एसी लावला आणि आठवड्यात प्लग काळा पडला. बसवणाऱ्याने गिझरच्याच लाइनवरून जोड दिला होता. मेन स्विच बंद करून ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने मीटरबोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची वायर ओढली, २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जास्त भार किंवा शॉर्ट झाला की वीज तोडणारा, पण कॉम्प्रेसर सुरू होतानाचा क्षणिक झटका सोसणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला.

मग त्याने, आरसीसीबीच्या आधीच्या बाजूला, फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावला. नुसता मिणमिणला, म्हणजे अर्थिंग नीट नव्हतं! (हे घरच्यांनी करू नये.) आमचा जांभा दगड मे महिन्यात ठणठणीत कोरडा, त्यात अर्थिंगची पट्टी गंजलेली. विहिरीजवळ ओल टिकते तिथे नवा खड्डा खणून तांब्याची प्लेट, कोळसा, मीठ घातलं. बल्ब लख्ख पेटला तेव्हा कुठे जीवात जीव आला. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायचं काम आईने मागून घेतलंय.

बाहेरचं युनिट समुद्राच्या बाजूने काढून मागच्या पडवीच्या भिंतीवर घेतलं. खाऱ्या वाऱ्याने टर्मिनलचे स्क्रू हिरवे पडले होते, ते बदलले. युनिट हलवल्यावर पाइपांचं व्हॅक्यूम (आतली हवा आणि ओल काढून टाकणं) पंपानेच करून घ्या. त्यात घाई चालू देऊ नका.