मूत्रपिंडाचा जुनाट विकार: तपासणी, औषधे आणि आहार

मूत्रपिंडाचा विकार बराच वाढेपर्यंत त्रास जाणवत नाही. म्हणून मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून किमान एकदा रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) आणि लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) या दोन्ही तपासण्या कराव्यात. क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्त गाळण्याच्या क्षमतेचा अंदाजे आकडा, 3 महिन्यांहून अधिक काळ 60 च्या खाली राहिला, तर विकार जुनाट मानला जातो. ईजीएफआर चांगला असूनही लघवीतून अल्ब्युमिन सतत जात असेल, तरीही तो विकारच असतो, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

सर्वाधिक काळजी वाटते ती वेदनाशामक गोळ्यांची. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या छाटणीच्या दिवसांत कंबर धरली की दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून घेतले जाते. मूत्रपिंड आधीच दुबळे असेल, तर या गोळ्या त्याचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. डॉक्टरांना आपला विकार आधी सांगावा आणि पर्याय विचारावा. जुलाब-उलट्या होत असतील, तर रक्तदाबाच्या चालू गोळ्यांविषयीही त्याच दिवशी विचारावे.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत असावे. मिसळीसोबतचा पापड आणि फरसाणही त्यात मोजावे. रक्तातील पोटॅशियम वाढलेले असल्यास ताज्या द्राक्षांपेक्षा मनुकांबाबत अधिक जपावे, कारण पाणी उडाल्याने त्यांत पोटॅशियम एकवटलेले असते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक मिठांत पोटॅशियम क्लोराइड असते. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.